माग बदलला म्हणजे धंदा बदलला का? उद्योगातला ‘मोठा’ तांत्रिक बदल ओळखायचा आणि मोजायचा कसा

बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात दुपारी एखाद्या गल्लीत उभं राहिलं की घराघरातून यंत्रमागांचा खटखटाट ऐकू येतो. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, अशी ही घरं. तिथल्या एका जुन्या यंत्रमागधारक काकांनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्यांचा माग वडिलांच्या वेळचा. धोटा तोच, मोटर तीच, पाया तोच. पण वरचं पुठ्ठ्याच्या कार्डांचं जकार्ड काढून त्यांनी इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवलं होतं. नवी डिझाइन आता पेन ड्राइव्हवरून येते. कर्जाच्या फॉर्मवर ‘तंत्रज्ञानात बदल केला आहे काय? असल्यास किती?’ असा रकाना होता. काका म्हणाले, “बघा की, मागाचा वेग होता तेवढाच आहे. मग बदल झाला म्हणू की नको म्हणू?”

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला यंत्र म्हणजे घसाऱ्याचा रकाना एवढंच शिकवलं होतं. त्यामुळे त्यांना तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न एकट्या वडगावचा नाही. इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, सगळीकडे तो आहे. ‘आधुनिक’ कुणाला म्हणायचं यावर अनुदान ठरतं, कर्ज ठरतं, मजुरीचा दर ठरतो आणि कुणाचं काम जाणार हेही ठरतं. म्हणून हा विषय जरा नीट मांडतो. उदाहरण मागाचंच घेतो, कारण आपल्या पट्ट्यातल्या बहुतेकांना माग माहीत आहे.

एक आकडा निवडा आणि त्याची उडी बघा

कुठल्याही धंद्यात रोज काही ना काही सुधारणा होतच असते. कुणी बेअरिंग बदलतो, कुणी पट्टा बदलतो, कुणी तेल चांगलं वापरतो. याला कुणी क्रांती म्हणत नाही. मग मोठा बदल कुठे सुरू होतो?

मायकेल टशमन आणि फिलिप अँडरसन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८६ मध्ये याचं एक सरळ उत्तर दिलं. त्यांनी सिमेंट, विमान वाहतूक आणि मिनीकॉम्प्युटर असे तीन धंदे घेतले. प्रत्येक धंद्यासाठी त्या धंद्याला कळणारा एक आकडा निवडला. सिमेंटमध्ये एक भट्टी दिवसाला किती बॅरल माल देते. विमानात, एक विमान वर्षभरात किती आसन-मैल देऊ शकतं. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरचा वेग. मग दरवर्षीच्या सर्वांत चांगल्या यंत्राचा आकडा कागदावर मांडत गेले. बहुतेक वर्षं रेषा मुंगीच्या पावलांनी चढते. पण मधेच एखाद्या वर्षी ती एकदम उडी मारते. ती उडी म्हणजे मोठा बदल, बाकी सगळी सुधारणा.

मागासाठी असा आकडा शोधायला लांब जावं लागत नाही. तो धंद्यातच आहे, ‘पीक’. आडवा धागा एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला की एक पीक. मिनिटाला किती पिकं पडतात हा मागाचा वेग. इंचात किती पिकं बसतात यावर कापडाचा घट्टपणा. इचलकरंजीत मजुरीची बोलणीही ‘५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे’ याच भाषेत होतात.

हा आकडा धरून मागाचा इतिहास बघू. १७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन के याने झटक्याचा धोटा काढला. विणकराला धोटा हातातून हातात द्यावा लागत होता, तो आता दोरी ओढली की पळू लागला. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेतलं, पण ते यंत्र नीट चालायला आणखी काही दशकं गेली. हातमागावर मिनिटाला साधारण चाळीस-पन्नास पिकं पडतात असं धरलं, तर आपल्याकडचा साधा यंत्रमाग शंभर ते दीडशे देतो. विसाव्या शतकाच्या मध्याला स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने धोटाच काढून टाकला. त्या जागी छोटा प्रोजेक्टाइल धागा ओढून नेऊ लागला. पुढे रेपियर आला, पाण्याच्या आणि हवेच्या झोताने धागा फेकणारे माग आले. रेपियर मिनिटाला तीनशे-चारशे-पाचशे, एअरजेट त्याच्याही पुढे, हजाराच्या घरात.

म्हणजे उड्या दिसतात. हातमागावरून यंत्रमागावर एक, आणि धोटावाल्या मागावरून बिनधोट्याच्या मागावर दुसरी. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

पण पीक मोजून सगळं कळत नाही

अमेरिकेत १८९० च्या दशकात जेम्स नॉर्थ्रॉप याने ड्रेपर कंपनीसाठी एक माग तयार केला. धोट्यातली कांडी संपली की माग न थांबता आपोआप नवी कांडी बसायची. या मागाचा वेग साध्या मागापेक्षा जास्त नव्हता, उलट थोडा कमीच ठेवावा लागायचा. पिकांच्या हिशेबात ही उडी शून्य. पण जो विणकर आधी आठ माग बघायचा तो आता सोळा आणि त्याहून जास्त माग बघू लागला. अमेरिकेतल्या कापड धंद्याचं गणितच त्याने बदललं.

काकांचं जकार्ड असंच. जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास लियोंमध्ये भोकं पाडलेल्या कार्डांची पद्धत पक्की केली, आणि जवळजवळ पावणेदोनशे वर्षं ती चालली. एका पिकाला एक कार्ड. पदराची डिझाइन दोन हजार पिकांची असेल तर दोन हजार कार्डं पाडायची, ओळीत शिवायची, चढवायची. १९८३ मध्ये बोनास या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड बाजारात आणलं आणि कार्डाचं काम संपत गेलं. काकांच्या हिशेबाने पूर्वी नव्या साडीची कार्डं तयार होऊन मागावर चढेपर्यंत चार-पाच दिवस जायचे. आता सकाळी डिझाइन आली की दुपारी साडी चालू.

त्यांच्या महिन्याच्या साड्यांच्या संख्येत फारसा फरक पडलेला नाही. पण साडीच्या बाजारात नव्या डिझाइनला पहिले काही आठवडेच दर मिळतो, नंतर तीच डिझाइन दहा ठिकाणी निघते. या धंद्याची अडचण विणण्याच्या वेगात नव्हतीच. ती डिझाइन बदलण्याच्या वेळात होती. तेव्हा इथे मोजायचा आकडा ‘मिनिटाला किती पिकं’ हा नसून ‘एका डिझाइनवरून दुसरीवर जायला किती तास’ हा आहे. तो चार-पाच दिवसांवरून अर्ध्या दिवसावर आला. ही उडी नाही तर काय?

टशमन-अँडरसन यांच्या पद्धतीतली मेख इथे आहे. कुठला आकडा निवडायचा हे धंद्याच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही. बाहेरचा माणूस जो आकडा सहज मिळतो तो उचलतो. सहसा तो वेगाचा असतो.

एकाच मागाची पाच उत्तरं

आता जरा कागद-पेन्सिल घेऊ. आकडे उदाहरणासाठी आहेत, पण शेडमध्ये दिसतात त्याच्या आसपासचे आहेत.

साधा माग मिनिटाला १२० पिकं आणि दिवसभरातली तुटातूट, थांबाथांब धरून ७५ टक्के चालतो. रेपियर ४०० पिकं आणि ८५ टक्के. कापड ५२ पिकाचं, म्हणजे मीटरला सुमारे २,०४७ पिकं. साधा माग तासाला २.६४ मीटर देतो, रेपियर जवळपास १० मीटर.

नुसता वेग बघितला तर रेपियर ३.३ पट. प्रत्यक्ष कापड बघितलं तर ३.८ पट, कारण तो कमी थांबतो. रेपियर रुंद असतो. साधा माग १.२ मीटर आणि रेपियर १.९ मीटर धरला आणि मिनिटाला किती मीटर आडवा धागा पडला हे मोजलं, तर फरक ५.३ पट. यंत्र विकणारे हाच आकडा सांगतात, आणि तो खोटा नाही. पण तुम्ही पूर्ण रुंदीचं कापड विणणारच नसाल तर तुमच्या कामाचाही नाही.

माणसामागे किती? साध्या मागांवर एक कामगार सहा माग बघतो असं धरू, रेपियरवर आठ. तासाला १५.८ मीटरचे ८० मीटर झाले, म्हणजे पाच पट.

आणि गुंतवलेल्या रुपयामागे किती? समजा रेपियरची किंमत जुन्या साध्या मागाच्या वीस पट आहे. कापड ३.८ पट, भांडवल वीस पट. म्हणजे रुपयामागचं उत्पादन पाचव्या हिश्श्यावर आलं.

मजुराच्या बाजूने बघितलं तर पाच पट प्रगती. भांडवलाच्या बाजूने पाच पट घसरण. दोन्ही आकडे एकाच मागाचे आहेत.

उरलेल्या भागाला तंत्रज्ञान म्हणतात

या दोन आकड्यांची सांगड घालायची रीत अर्थशास्त्रात आहे. रॉबर्ट सोलो या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये ती मांडली, पुढे १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कल्पना वाण्याच्या हिशेबासारखी आहे. उत्पादन किती वाढलं ते लिहा. त्यातून मजूर वाढल्यामुळे किती वाढलं ते वजा करा, यंत्रं-इमारती वाढल्यामुळे किती वाढलं तेही वजा करा. जे उरतं ते तांत्रिक बदलाच्या खात्यावर टाका. सोलो यांनी अमेरिकेची १९०९ ते १९४९ ही चाळीस वर्षं घेतली. एका माणसाच्या एका तासाचं उत्पादन त्या काळात साधारण दुप्पट झालं होतं. त्यातला आठवा हिस्साच भांडवल वाढल्यामुळे होता. सात हिस्से ‘उरलेले’ निघाले.

वजाबाकी करताना मजुरी आणि भांडवल यांना खर्चातल्या वाट्याप्रमाणे वजन द्यावं लागतं. आपल्या रेपियरला ही रीत लावून बघितली. सूत बाजूला ठेवलं आणि खर्चात मजुरी व भांडवल निम्मं-निम्मं धरलं, तर एकूण बदल जवळजवळ शून्य येतो! मजुरीचा वाटा ७० टक्के धरला तर तोच माग सुमारे १.९ पट चांगला ठरतो. मजुरीचा वाटा ३० टक्के धरला तर तो निम्म्याने वाईट ठरतो.

हे गणित मी दोनदा करून बघितलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. पण अर्थ सरळ आहे. जिथे मजुरी महाग आणि व्याज स्वस्त, तिथे रेपियर हा मोठा बदल. जिथे मजुरी कमी, माग घरचा, जागा घरची आणि कर्ज महाग, तिथे तो नुसता महाग माग. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, आणि शंभर वर्षांनंतरही साधे माग चालत राहिले, त्याला लोक ‘मागासलेपणा’ म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भंगाराच्या दरात घेऊन ज्यांनी शेड उभ्या केल्या, त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला तरी वाटत नाही.

एक खबरदारी मात्र हवी. ‘उरलेला भाग’ म्हणजे सगळं तंत्रज्ञान नव्हे. त्यात चांगलं व्यवस्थापन येतं, वीज न जाणं येतं, सुताचा चांगला दर्जा येतो आणि मोजणीतल्या चुकाही येतात. आणि कधीकधी नुसता कामाचा ताण वाढवलेलाही त्यात जाऊन बसतो. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग बघायचे, कताई करणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या अशी योजना आली. तिच्या विरोधात कोकण-देशावरच्या हजारो कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. माणशी मागांची संख्या तिथेही वाढणारच होती. पण नॉर्थ्रॉपच्या मागाने जे केलं ते वेगळं आणि हे वेगळं. वहीत दोन्ही एकाच रकान्यात दिसतं.

कुणाचं कसब उरतं?

टशमन-अँडरसन यांची दुसरी गोष्ट मला पहिल्यापेक्षा जास्त मोलाची वाटते. ते म्हणतात, मोठे बदल दोन जातीचे असतात. काही बदल धंद्यात असलेल्या लोकांचं कसब वाढवतात. काही बदल ते कसब निकामी करतात. उडी सारखीच मोठी असली तरी परिणाम उलटे. पहिल्या जातीत जुने खेळाडू आणखी घट्ट होतात, दुसऱ्या जातीत बाहेरून आलेले नवे लोक धंदा घेतात.

मागाच्या शेडमध्ये हे माणसागणिक बघता येतं. बिनधोट्याचा माग आला की विणणाऱ्याचं कसब बरंचसं टिकतं. धागा तुटला तर ओळखणं, गाठ मारणं, कापडातला दोष पकडणं हे त्याला येतंच. वहीफणी करणाऱ्याचं काम, म्हणजे नव्या बीमचे उभे धागे वहीतून आणि फणीतून ओवणं, हेही राहतं. जॉबरचं मात्र निम्मं ज्ञान जातं. धोट्याला किती झटका द्यायचा, पेटीत तो कसा बसवायचा, आवाजावरून काय बिघडलंय हे ओळखणं, यात त्याची वीस-पंचवीस वर्षं गेलेली असतात. आता समोर पॅनेल आहे आणि त्यावर एरर कोड येतो. इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये कार्ड पाडणाऱ्याचं काम पूर्ण जातं आणि कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्या पोराचा भाव वाढतो.

आणि कांडी. धोटावाल्या मागाला कांड्या भराव्या लागतात. बिनधोट्याच्या मागाला आडवा धागा थेट कोनवरून जातो, कांडी लागतच नाही. घरगुती मागांवर हे कांडी भरायचं काम बहुतेक बायका करतात, स्वयंपाक-पाणी सांभाळून. त्यांच्यासाठी हा बदल शंभर टक्के आहे.

एका यंत्राने होत नाही, पसरायला लागतं

सर्वांत चांगलं यंत्र कुठेतरी चालू झालं म्हणजे धंदा बदलला असं नाही. किती जणांकडे ते गेलं हेही मोजावं लागतं. त्याची पद्धत मक्याच्या शेतातून आली. झ्वी ग्रिलिखेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत संकरित मक्याचा प्रसार मोजला. प्रत्येक राज्यात एकूण क्षेत्रापैकी किती टक्के संकरित झालं याचा आलेख काढला तर तो इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो. आधी हळू, मग झपाट्याने, मग सपाट. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. सुरुवात कधी झाली, वेग किती होता आणि शेवटी किती टक्क्यांवर थांबलं. आयोवात लवकर सुरू झालं आणि भराभर पसरलं, दक्षिणेकडच्या राज्यांत उशिरा आणि सावकाश. फरक शेतकऱ्यांच्या अकलेत नव्हता, किती फायदा मिळणार यात होता.

नॉर्थ्रॉपचा माग याच कसोटीवर बघा. अमेरिकेत तो काही दशकांत निम्म्याहून जास्त धंद्यात पसरला. लँकेशायरमध्ये मात्र १९३० च्या दशकातही असे माग अगदी थोडे होते. यात इंग्रज मालक चुकले की त्यांचा हिशेब बरोबर होता, यावर इतिहासकार अजून भांडतात. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये वेग कमी न करता धोटा बदलणारा आणि धागा तुटला की आपोआप थांबणारा माग पूर्ण केला. १९२९ मध्ये लँकेशायरच्याच प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. गुरूने शिष्याकडून यंत्र घ्यावं तसं झालं. पुढे टोयोडा घराण्याने मोटारी काढल्या, ती टोयोटा.

सरकारी व्याख्या

आता फॉर्मवरच्या रकान्याकडे येऊ. सरकारला व्याख्या लागते, आणि ती एकदा कागदावर आली की धंदा तिच्याभोवती वळतो.

हातमाग आरक्षणाचा कायदा १९८५ चा. काही वाण फक्त हातमागावरच विणायचे, असं तो सांगतो. सुरुवातीला असे २२ प्रकार होते, नंतर ११ राहिले. काही प्रकारच्या साड्या त्यात आहेत. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा ग्राह्य धरला. त्यात हातमागाची व्याख्या एका ओळीची आहे: यंत्रमाग नसलेला कोणताही माग. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ती बदलून, विणकामातली एखादी क्रिया जरी हाताने होत असेल तरी तो हातमाग धरावा असा प्रस्ताव पुढे आला. हातमाग विणकरांचा विरोध झाला आणि व्याख्या तशीच राहिली. विरोध का झाला हे वडगावच्या गल्लीत सांगायची गरज नाही. मोटर बसवलेला माग हातमाग ठरला तर आरक्षणाला काय अर्थ राहिला?

दुसरीकडे, १ एप्रिल १९९९ पासून केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, धंद्यातल्या भाषेत ‘टफ’. कर्जावरच्या व्याजात सूट, यंत्रमागांना भांडवली अनुदानाचाही पर्याय. त्यात ‘तंत्रज्ञान’ म्हणजे यंत्रांची यादी. यादीत असलं तर आधुनिक. आधी ठरावीक वयापर्यंतचे जुने परदेशी बिनधोट्याचे मागही त्यात बसायचे. २०१६ मध्ये सुधारित योजना आली, ती नव्या यंत्रांपुरती. म्हणजे तोच युरोपातला वापरलेला माग एका योजनेत उन्नयन होता, दुसरीत नव्हता. माग काही बदलला नव्हता.

साध्या मागांसाठी २०१७ च्या पॉवरटेक्स इंडियात जागच्या जागी सुधारणेची योजना होती. माग तोच ठेवून त्याला काही जोड बसवायचे. आडवा धागा तुटला की थांबवणारा, उभा तुटला की थांबवणारा, बीम सावकाश सोडणारा, नीट ब्रेक लावणारा. टोयोडांच्या मागात १९२४ मध्ये जी गोष्ट होती तिचाच काही भाग जवळजवळ शतकानंतर आपल्या मागांवर आला. याला मोठा बदल म्हणायचं का? वेगाच्या आकड्यात नाही. पण बाद कापड कमी झालं तर खर्चीवाल्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्याच्या, बिलातली कपात कमी होते. त्याच्यासाठी महिन्याचा नफा तेवढाच असतो.

आकडे कुठे गळतात

हे सगळं मोजायला आकडे हवेत आणि ते इथेच कमी पडतात. कारखान्यांची वार्षिक पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांची होते. घरात चार माग असलेला त्यात येत नाही. मोठी शेडही तीन भावांच्या तीन नावांवर असते, कागदावर तीन छोटे धंदे. म्हणजे जिथे बदल होतोय तिथला बराचसा भाग उत्पादकतेच्या सरकारी आकड्यांत नसतोच.

नुसती यंत्रांची मोजदादही फसवते. देशातल्या हातमाग गणनेत २००९-१० मध्ये ४३.३१ लाख कामगार आणि २३.७७ लाख माग होते. २०१९-२० मध्ये कामगार ३५.२२ लाखांवर आले आणि माग २८.२ लाखांवर गेले. माणसं घटली, माग वाढले! मागांचा आकडा घेऊन कुणी धंदा भरभराटीला आला म्हणेल, माणसांचा घेऊन कुणी बुडाला म्हणेल. यंत्रमागांत उलटं होऊ शकतं. दहा साधे माग भंगारात जाऊन तीन रेपियर आले तर गणनेत सात मागांची घट. दहा माग बंद पडून शेड गोदामाला दिली तरी घटच. तक्त्यावरून कुठली घट कसली हे सांगता येत नाही. त्यासाठी मागाचा प्रकार, त्याचं वय आणि तो महिन्यात किती दिवस चालला, हे तीन रकाने वेगळे लागतात.

काकांना मी शेवटी हे सुचवलं की ‘तंत्रज्ञानात बदल’ या रकान्यात वेग लिहू नका. वहीत महिनाभर तीन गोष्टी टिपा: डिझाइन किती वेळा बदलली, दरवेळी माग किती तास उभा राहिला आणि नव्या डिझाइनच्या साडीला जुनीपेक्षा किती रुपये जास्त मिळाले. जकार्डच्या आधीच्या एका महिन्याचं त्यांना आठवतंय तेवढं बाजूला लिहा. ते त्यांनी केलं. फॉर्मला जोडायला एक पान झालं, आणि त्यावर आकडे त्यांच्या धंद्याचे होते.

पान वाचून झाल्यावर काकू आतून म्हणाल्या, “आणि कांड्या कोण भरतंय ते कुठं लिवलंय?” ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या दिवसाच्या तीन-चार तासांची मजुरी कधी धरलीच नव्हती, त्यामुळे उद्या रेपियर आला आणि कांडी गेली तर वाचलेले तेही कुठल्या हिशेबात येणार नाहीत. काकांनी पेन घेतला आणि खाली एक ओळ वाढवली.